भाव फुटण्याआधी

भेळ संपत आली तसा कागदाच्या तळातून एक चेहरा वर आला. चिंचेच्या पाण्यानं भिजलेला, तेलानं अर्धवट पारदर्शक झालेला, पण ओळखू येणारा. आमच्याच आळीतल्या आत्या. शेजारी आधारचे बाराच्या बारा आकडे, जन्मसाल, खाली पत्ता. झेरॉक्स जरा तिरकी आली होती आणि उजव्या कडेला काळा पट्टा होता. तो पट्टा मी लगेच ओळखला. त्या महिन्यात माझ्या मशीनचा ड्रम गेला होता आणि निघेल ती प्रत उजवीकडे काळी निघत होती. बिघडलेल्या प्रती मी टेबलाखालच्या पोत्यात टाकायचो, पोतं भरलं की रद्दीवाल्याला द्यायचो, किलोला चौदा रुपयांनी. रद्दीवाल्याकडून ती रद्दी भेळवाल्याकडे गेली होती.

कागद चुरगाळून खिशात घातला, घरी आल्यावर बंबात टाकला. चूक निस्तरली असं वाटलं. पोत्यातल्या बाकीच्या चारशे-पाचशे चेहऱ्यांचं काय झालं असेल, हा विचार त्या दिवशी मला शिवलाही नाही.

ओझरला विघ्नहराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे, २०१४ पासून. चतुर्थीला आणि रविवारी भाविकांची गर्दी, बाकीचे दिवस गावाचे. सातबारा, आठ-अ, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, रेशन कार्डात नाव चढवणं-उतरवणं. आमच्या तालुक्यातल्या खोडदला आणि त्याच्या आसपास पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आहेत, आकाशातली बारीकशी कुजबुज त्या ऐकतात. माझ्या काउंटरचे कान त्यांच्याहून तिखट. कोणाचं कर्ज थकलं, कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या जमिनीत बहिणीनं हिस्सा मागितला, सगळं कागद होऊन माझ्या मशीनच्या काचेवर पालथं पडतं. मला याची चटक लागली होती. गावात कुठलीही गोष्ट निघाली की चार माणसं माझ्याकडे बघायची, आणि मी जरा थांबून, आवाज खाली आणून बोलायचो.

यातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून आळ्या आणि नाती मी बदलली आहेत. आकडे खरे आहेत.

पहिला दणका मलाच बसला. मार्च २०२० मध्ये देवळं बंद झाली ती दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. तोवर आमच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानाचं भाडं थकलं, घरात सांगायची लाज वाटली, आणि मोबाइलवर एक कर्ज देणारं ॲप उतरवलं. मंजूर पाच हजार, हातात आले तीन हजार तीनशे पन्नास, सात दिवसांनी परत करायचे पाच हजार. ॲपनं विचारलं, कॉन्टॅक्ट बघू का? मी ‘अलाऊ’ दाबलं. गिऱ्हाइकांसाठी दिवसातून वीस वेळा दाबतो तसंच, न वाचता.

आठव्या दिवशी पैसे भरता आले नाहीत. नवव्या दिवशी माझ्या फोनमधल्या लोकांना फोन जायला लागले. इथपर्यंतची गोष्ट त्या काळात हजारो लोकांची झाली, त्यात नवल नाही. माझी गोष्ट पुढे आहे. गिऱ्हाइकांचे नंबर मी नुसत्या नावानं ठेवले नव्हते. एकाच नावाची चार-चार माणसं गावात, म्हणून नावापुढे काम लिहून ठेवायची सवय. ‘आप्पा बोजा’. ‘आत्या पेन्शन अडली’. ‘मास्तर घटस्फोट ॲफिडेव्हिट’. हे सगळं जसंच्या तसं त्या ॲपनं उचललं.

आत्या दुकानात आल्या तेव्हा मी कुलूप लावत होतो. पलीकडचा माणूस हिंदीत बोलला म्हणाल्या. “आप ‘आत्या पेन्शन अडली’ बोल रही हैं?” असं विचारलं आणि तुम्ही अमक्याला जामीन आहात, पैसे भरा म्हणून दम दिला.

“जामिनाचं जाऊ दे,” आत्या म्हणाल्या. “माझी पेन्शन अडलीय हे त्या परमुलखातल्या माणसाला कुणी सांगितलं रे?”

मास्तर आले नाहीत. त्यांनी रस्त्यात ओळख दाखवणं सोडलं, आणि त्यांच्या शाळेची झेरॉक्स त्या महिन्यापासून दुसरीकडे जायला लागली.

यातून मी अर्धाच शिकलो. ॲपवाले चोर, असं मी वर्षभर जो भेटेल त्याला सांगत सुटलो. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियमच केला की कर्ज देणाऱ्या ॲपनं गिऱ्हाइकाच्या फोनमधली नंबरांची यादी, फोटो, कॉल यांना हात लावायचा नाही. मी ती बातमी कापून दुकानात चिकटवली. पण नंबरापुढे माणसाची अडचण लिहून ठेवायला मला कुठल्या ॲपनं सांगितलं नव्हतं, ती माझीच अक्कल. ती सवय मी तशीच चालू ठेवली.

म्हणून पुढची चूक झाली. ही सगळ्यांत मोठी, आणि तिच्यात यंत्राचा काही संबंध नाही.

आमच्याकडे द्राक्षबागेचा सौदा बागेत होतो. व्यापारी येतो, चार-सहा ओळी फिरतो, घड हातात घेऊन मणी चाखतो, मग भाव बोलतो. टोमॅटोसारखं नाही. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात क्रेटनं जातो, दहा जणांसमोर भाव फुटतो, कोणाचा माल किती रुपयांनी गेला हे सगळ्यांना दिसतं. द्राक्षात बागवान आणि व्यापारी, दोघंच. त्या बोलण्यात कोण किती थांबू शकतो यावर सगळं असतं. माल पिकला की बागवानाचे दिवस मोजलेले, पण किती मोजलेले हे फक्त त्याला माहीत असतं. तेवढंच त्याच्या हातातलं पान.

शेजारच्या शिवारातले एक नाना. काळ्या द्राक्षाची बाग, माल नऊ टनांच्या आसपास. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते माझ्याकडे दोनदा आले, सातबारा आणि आठ-अ काढायला. सोसायटीचं पीककर्ज होतं. ३१ मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, तारीख चुकली की लागतं आणि नवं कर्जही लांबतं. त्याच पंधरवड्यात मुलीची कॉलेजची फी. हे नानांनी मला सांगितलं नव्हतं, पण फी भरायची नोटीसही त्यांनी माझ्याकडेच झेरॉक्सला दिली होती. मी दोन कागद जोडले.

दुसऱ्या दिवशी एक व्यापारी गाडीच्या कागदपत्रांच्या झेरॉक्ससाठी आला. नेहमीचा माणूस, गोड बोलणारा. मशीन तापेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा घेऊ म्हणाला. चहा त्यानं पाजला. मग सहज विचारावं तसं विचारलं, “नानांची बाग बघून आलो काल. एकशे सहा बोललोय. देतील ना?”

मी म्हणालो, “देतील की. त्यांना एकतीस तारखेच्या आत सोसायटी भरायचीय. वर पोरीची फी.”

एवढंच. एका ओळीचं बोलणं. मला वाटलं मी नानांचा सौदा जुळवून देतोय.

व्यापारी आठ दिवस फिरकला नाही. फोन उचलला तर “बघतो नाना, वरती मार्केट मंद आहे.” त्याच्या भरवशावर नानांनी दुसऱ्या दोघांना नाही म्हटलं होतं, तोवर ते दोघं आंबेगावकडच्या बागा धरून मोकळे झाले. घड मऊ पडायला लागले. वीस तारखेला तो आला, दोन ओळी फिरला आणि ब्याण्णव म्हणाला. “देठ सुकलेत. आता एवढंच.” नानांनी ब्याण्णवला दिला. त्याच आठवड्यात बांधाला बांध असलेल्या बागेचा तसाच माल एकशे पाचला गेला होता. त्या बागवानाला कुठली तारीख गाठायची नव्हती.

किलोमागे चौदा रुपये, नऊ टन. एक लाख सव्वीस हजार. चहा दहा रुपयांचा होता.

बरेच दिवस मी स्वतःची समजूत घालत राहिलो. सातबारा तर सरकारच्या वेबसाइटवर कोणीही बघतं, ‘इतर हक्क’च्या रकान्यात सोसायटीचा बोजा उघडा दिसतो, व्यापाऱ्याला तो तसाही दिसला असता. हे खरं आहे. पण सातबाऱ्यावर बोजा दिसतो, निकड दिसत नाही. अर्ध्या तालुक्याच्या सातबाऱ्यावर बोजा आहे, त्यातल्या कोणाला याच महिन्यात पैसे पाहिजेत हे तिथं लिहिलेलं नसतं. ते मी सांगितलं.

माझे वडील बेल्ह्याच्या बाजारात बैलांच्या सौद्याला जायचे. सोमवारचा बाजार, लहानपणी मीही जायचो. दोन माणसं हातात हात घेणार, वर रुमाल टाकणार, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव बोलणार. शेजारी उभा असलेल्याला काही कळत नाही. मला ते जादूसारखं वाटायचं. मोठेपणी कळलं की शेतमालाच्या बाजारात असा रुमालाखालचा सौदा, ज्याला हत्ता पद्धत म्हणतात, तो कायद्यानं बंद करून उघडा लिलाव आणला तो शेतकऱ्याच्या भल्यासाठी. रुमालाखाली अडते आणि व्यापारी भाव ठरवायचे आणि माल ज्याचा त्यालाच पत्ता नसायचा. म्हणजे लपवणं नेहमी गरिबाच्या बाजूचं असतं असं नाही.

याच्यावरून पुतणीशी माझी एकदा जुंपली. ती पुण्यात अर्थशास्त्र शिकते. तिनं सांगितलं, रिचर्ड पोस्नर म्हणून अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक, पुढे न्यायाधीश झाले, त्यांनी १९७८ मध्ये असं मांडलं की खासगीपण मागणारा माणूस बऱ्याचदा स्वतःचे दोष झाकत असतो, दुकानदार मालाचा दोष झाकतो तसा; माहिती जितकी उघडी तितका व्यवहार चोख. ऐकायला बरोबर वाटलं. मग बेल्ह्याचा बाजार आठवला. बैल लंगडतोय हे झाकलं तर ती फसवणूक. पण मालकाच्या घरी पंधरा दिवसांनी लग्न आहे, हा काही बैलाचा दोष नाही. गिऱ्हाइकाला ते कळलं तर बैल चांगला ठरत नाही की वाईट ठरत नाही, नुसता स्वस्त होतो. पुतणी म्हणाली, काका, हेच लोकांनी पोस्नरना पुढे विचारलं. मला बरं वाटलं, आणि लगेच आठवलं की नानांचा बैल मीच स्वस्त केला होता.

तिनं आणखी एक सांगितलं. माझ्या टपरीवरच्या चहाचं काम आता कंपन्या घाऊक करतात. माणूस काय शोधतो, कधी शोधतो, रात्री कितीला कर्ज बघतो, यावरून त्याची घाई मोजायची आणि त्या घाईप्रमाणे त्याला दर दाखवायचा. मला ते समजावून सांगायची गरज पडली नाही. फरक इतकाच, की तिथं चहासुद्धा पाजत नाहीत.

तिसरी चूक जुलै-ऑगस्ट २०२४ मधली. लाडकी बहीण योजनेचे अर्ज. महिना दीड हजार, थेट खात्यात. सकाळी सातला दुकानासमोर बायकांची रांग लागायची, आणि दिवसभर एकच प्रश्न: पैसे कुठल्या खात्यात येणार? ते आधार ज्या बँकेशी जोडलेलं असेल तिथं जातात, आणि अनेकींना ते आठवत नव्हतं. मी प्रत्येकीचं तपासून वहीत लिहून ठेवलं. फोन करून करून घसा बसला, तेव्हा वहीच्या तीन पानांचे फोटो काढले आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. नाव, बँक, खात्याचे शेवटचे चार आकडे. वर लिहिलं, ‘सर्व भगिनींच्या माहितीसाठी’. पंचवीस अंगठे आले. माझा युक्तिवाद तयार होता: फेब्रुवारी २०२० मध्ये कर्जमुक्तीच्या याद्या सरकारनंच गावोगाव लावल्या नव्हत्या का?

ग्रुपवर भगिनी थोड्या, त्यांचे नवरे आणि दीर जास्त.

एका बाईच्या नावापुढे जी बँक होती तिथं तिचं खातं आहे हे घरात कोणाला माहीत नव्हतं. खुरपणीची, टोमॅटो तोडणीची मजुरी. त्यातले आठवड्याला शंभर-दीडशे ती पाच वर्षं तिथं टाकत होती. घरच्या खात्याचं पासबुक सासूकडे होतं, या खात्याचं तिनं कुठं ठेवलं होतं ते तिलाच ठाऊक. फोटो टाकला त्याच रात्री नवऱ्यानं विचारलं. आठवडाभरात ते पैसे मोटारसायकलच्या डाउनपेमेंटला गेले. भांडण नाही, मारहाण नाही. “घरातलेच पैसे की,” एवढंच बोलणं झालं. हे मला तिनं सांगितलं नाही, माझ्या बायकोला सांगितलं, तेही पाणवठ्यावर, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं.

आता ती बँकेत एक रुपया ठेवत नाही. भिशीत घालते. व्याज नाही, आणि भिशीवाली उद्या उठून गेली तर कागदही नाही. बँकेत पैसे ठेवा म्हणून मी स्वतः गावात सांगत फिरलो होतो, तिचं खातंही माझ्याच दुकानातून फॉर्म भरून उघडलं होतं.

मी ते फोटो ग्रुपवरून काढले, पण तोवर दोन दिवस झाले होते. फोटो काढून टाकल्याचंही व्हॉट्सॲप सगळ्यांना दाखवतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की दुकानातली काही माणसं कमी झालीत. गर्दी तशीच, पण कामं बदलली. लग्नपत्रिकेची झेरॉक्स माझ्याकडे, जातीच्या दाखल्याचं काम माझ्याकडे. कर्जाचे, कोर्टाचे, दवाखान्याचे, वाटणीचे कागद येईनात. ते लोक नारायणगावला जायला लागले. आठ-दहा किलोमीटर, अर्धा दिवस मोडतो, मजुरी बुडते, पाच रुपयांच्या कामाला एसटीचं भाडं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, त्याचा फायदा घेऊन आमच्या आळीतल्या दोन-तीन जणी माझ्या दारावरून पिशवी छातीशी धरून स्टँडकडे जातात. त्या पिशवीत काय आहे मला कळतं, आणि मला कळू नये म्हणूनच त्या चालल्यात हेही कळतं. आपली अडचण अनोळखी माणसासमोर पालथी घालायला त्या पैसे मोजतात. मी ती फुकट उघडी करत होतो.

कायद्याचं मी वाचलंय. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तारीख लक्षात आहे, कारण तेव्हा माझ्याकडे कर्जमाफीच्या ऑनलाइन अर्जांची रांग होती आणि मी नवरा-बायकोंच्या बोटांचे ठसे घेत होतो. २०२३ ला वैयक्तिक डेटाचा कायदा आला, दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत. त्या कायद्यातही मी शोधत होतो की माझं कुठं बसतं. तो डिजिटल माहितीचा कायदा आहे. पोत्यातल्या बिघडलेल्या झेरॉक्स त्यात येत नाहीत, आणि टपरीवर बोललेलं वाक्य तर नाहीच.

सध्या दुकानात काय करतो ते सांगतो, पण ते कौतुकासाठी नाही, कारण यातलं काहीच अवघड नव्हतं. बिघडलेली प्रत गिऱ्हाइकासमोर चार तुकडे करून त्याच्याच हातात देतो. कॉम्प्युटरवरच्या फाइली रात्री दुकान बंद करताना उडवतो. फोनमधली नावं एका रविवारी बसून साफ केली, चार तास लागले. आत्या आता नुसत्या आत्या आहेत. भाविकांना आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत काढून देतो, बहुतेकांना अशी प्रत निघते हेच माहीत नसतं. उरलेले कागद बंबात. १८७५ च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढून जाळले होते. आमचा बंब रोज सकाळी पेटतो तेव्हा कधी कधी ते आठवतं. मग हेही आठवतं की त्या गोष्टीत माझी जागा शेतकऱ्याची नाही, रोखे सांभाळणाऱ्याची आहे.

तो व्यापारी अजून येतो. चहा पाजतो. मागच्या महिन्यात त्यानं एका बागेचं नाव घेऊन विचारलं, “काय म्हणतायत?” मी म्हणालो, “चहाचे पैसे आज माझे.” त्याला कळलं की नाही कोण जाणे.

नानांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तीनदा त्यांच्या वस्तीवर गेलो, तीनदा पावसापाण्याचं बोलून परत आलो. पण त्यांचा मुलगा वाचणारा आहे, हा लेख त्याच्या हातात पडेल. आळी आणि नातं बदललं असलं तरी ब्याण्णव हा आकडा तो ओळखेल. नाना, ती गोष्ट त्या व्यापाऱ्याला मी सांगितली होती.